घाणेरीतली वाट

आमच्या दोन घरांच्या मधे घाणेरीचं कुंपण आहे आणि त्या कुंपणाला खालच्या अंगाला एक भोक आहे. ते भोक माझं. पोरांनी वाटणी केली तेव्हा माझीही वाटणी झाली: सकाळचं जेवण थोरल्याकडे, रात्रीचं जेवण आणि झोप धाकट्याकडे. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर गुडघे मला शिव्या देतात. म्हणून मी कुंपणातून वाकून जाते आणि वाकून येते. जाऊन जाऊन भोक पडलं. ते माझ्याच मापाचं आहे, दुसरं कोणी घुसायला गेलं तर कपडे फाटतील.

कुंपण ह्यांनी लावलेलं. हे आता नाहीत. तरुणपणी कुठल्याशा बंगल्याच्या बागेत कामाला जायचे, तिथे फाटकाशी फुललेलं बघून चार काड्या खिशात घालून आणल्या. म्हणाले, शोभेचं झाड आहे. मी म्हटलं, शोभेला मी आहे की घरात. हसले आणि लावल्या. त्या चार काड्यांचं हे एवढं रान झालं. उन्हाळा असो की थंडी, फुलं आहेतच. गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी. पिवळी ती ताजी, गुलाबी ती जुनी झालेली, आणि फुलपाखरांना हे बरोबर कळतं, ती पिवळ्यावरच बसतात. पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. देठाला बारीक काटे. हिरवी फळं विषारी, पिकून काळी झाली की पाखरं तुटून पडतात. आणि पानाला नुसता धक्का लागला तरी वास सुटतो. म्हणून तर नाव घाणेरी. मला विचाराल तर वास इतका वाईट नाही, पण मला कोण विचारतंय.

धाकटी, म्हणजे माझी धाकटी सून, त्या कुंपणावर जगते. ऐकायला विचित्र वाटेल. ती टोपल्या विणणाऱ्यांच्या घरची. लग्न होऊन आली त्या दिवशी सगळे तिला बघत होते आणि ही कुंपण बघत होती. पुढच्या वर्षी तिनं आपल्या बाजूनं ते गुडघ्याएवढं छाटून टाकलं. मी कपाळाला हात लावला. पण छाटलेल्या बुंध्यांतून असे सरळसोट फोक, नव्या लवचीक काड्या, आले की बघत राहावं. घाणेरीचं असंच आहे, कापाल तितकी जोमानं येते. ते फोक कापायचे, पिंपात उकळायचे, गरम असताना साल ओढून काढायची आणि अंधाऱ्या गार खोलीत ठेवायचे, म्हणजे वाळून तडकत नाहीत. त्याच्या टोपलीला कीड लागत नाही. धाकटा ट्रकवर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच पैसे देतो. घर चालतं ते टोपल्यांवर.

थोरलीचा संसार बटाट्यांचा आणि ठिपकीचा. ठिपकी तिची गाय. काळीभोर, कपाळावर आणि पाठीवर मोठे पांढरे डाग. ती जन्मली तेव्हा आडवी आली होती, थोरल्यानं कोपरापर्यंत हात घालून तिला ओढून काढली, तेव्हापासून त्याची लाडकी. थोरली कष्टाची बाई आहे. तिच्या हाताला विसावा नाही आणि जिभेलाही नाही.

वाटणी झाली तेव्हा तिला कुंपण काढून तिथे भिंत घालायची होती. घाणेरी तिच्या बटाट्यांत पाय पसरते हे खरंच आहे. जमिनीला टेकली ती फांदी मूळ धरते, वर पाखरं बिया टाकतात. धाकटी म्हणाली, "भिंतीच्या टोपल्या होत नाहीत." शब्दानं शब्द वाढला आणि थोरली बोलून गेली, "हात लावला की वास मारतो. झाड तसं आणि माणसंही तशीच." धाकटीच्या माहेरी सगळ्यांच्याच हाताला तो वास आहे. तिच्या आईच्या हाताला आहे. ती आत निघून गेली. त्या दिवसापर्यंत ती थोरलीला ताई म्हणायची. नंतर तीन वर्षं दोघी बोलल्या नाहीत. बोलायचंच झालं तर लेकी बोले सुने लागे. ही कोंबड्यांना ऐकवायची, ती बादलीला. आणि निरोप पोचवायला मी.

एक गोष्ट मात्र बिनबोभाट चालू होती. साठवलेल्या बटाट्यांवर घाणेरीची पानं पसरली की बटाट्यात अळी पडत नाही. हे धाकटीनंच थोरलीला शिकवलेलं, बोलत होत्या तेव्हा. माणसं भांडली म्हणून अळी थोडीच थांबते. पहिल्याच हंगामात थोरली मला हळूच म्हणाली, "आई, येताना थोडी पानं आणा. पण तिला कळू देऊ नका." मी आणली. धाकटीला कळलंच, मी काय पानं कानात लपवून नेणार होते? आणि दुसऱ्या दिवसापासून फोकांची ओरबाडलेली पानं भोकापाशी नीट रचलेली दिसायला लागली, उडू नयेत म्हणून वर दगड. तो दगड कुणी ठेवला हे थोरलीनं कधी विचारलं नाही. असा आमचा कारभार. शहाण्या माणसानं हसावं की रडावं.

यंदाचा उन्हाळा सरता सरेना. गवताचं पार तूस झालं. वैरण पैसे देऊनही मिळेना. चहूकडे रखरखाट आणि मधे आमचं कुंपण हिरवंगार, फुलांनी लदलेलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. ठिपकीच्या बरगड्या दिसायला लागल्या, दूध आटलं. थोरली तिला काय काय घालायची: शिळंपाकं, भाज्यांची देठं, कोंब आलेले बटाटे कापून.

एका सकाळी मी भोकातून अर्धी बाहेर आले आणि तशीच थांबले. ठिपकी उन्हात मान टाकून उभी होती. डोळ्यांतून धारा. काळ्या अंगाला काही नव्हतं, पण कपाळावरचा पांढरा डाग लाल होऊन सुजला होता, पाठीवरचेही तसेच. थोरलीनं हात लावला तर तिनं अंग चोरलं. गोठ्यात शेण नव्हतं. कालचंही नव्हतं.

गुरांचा डॉक्टर आला. त्यानं पापणी वर करून बघितली, आत पिवळं होतं.

"घाणेरी खाल्लीय," तो म्हणाला.

"ती नाही खात," थोरला म्हणाला. "वासरू होती तेव्हापासून त्या कुंपणाशेजारी आहे."

"ताजी नाही खात. सुकली की वास उडतो, विष राहतं. भुकेल्या जनावरानं काय करावं?" डॉक्टरनं पोटाला कान लावला. "पोट बंद पडलंय. जे खाल्लंय ते आतच आहे अजून. कोळसा वस्त्रगाळ करून पाण्यातून पाजा, जितका जाईल तितका. पोट हललं तर वाचली. आणि उन्हाचा कवडसासुद्धा नको. हे विष अंगात असलं की पांढरी कातडी उन्हानं भाजते. पूर्ण अंधार पाहिजे."

मी थोरलीकडे बघत होते. 'सुकली' हा शब्द आला आणि तिचा हात तोंडाशी गेला. तिनं एकदा बटाट्यांच्या खोलीकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली.

थोरल्यानं मात्र कुंपणाकडे बघितलं. भोकापाशी पानांचा ढीग होता. सुकलेला, वर दगड.

"हे बघा," तो म्हणाला. "हे बघा. माझ्या गाईच्या तोंडापुढे रचून ठेवलंय. कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं, इथे कुंपणानं गाय खाल्ली." आणि आत जाऊन कुदळ घेऊन आला.

माझा थोरला मनानं वाईट नाही. पण त्याच्या रागाला डोळे नाहीत, बापावर गेलाय. मी तोंड उघडलं. थोरलीनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत असं काही होतं की माझं तोंड मिटलं. एका सुनेला सोडवायचं म्हणजे दुसरीला नवऱ्याच्या कुदळीपुढे उभी करायची. मी कुणाची आई आहे, कुणाची सासू, तेच मला त्या वेळी कळेना.

धाकटी फोक उकळत होती, तशीच ओल्या हातांनी कुंपणापाशी आली. ढीग बघितला, कुदळ बघितली. त्या ढिगाचं खरं कारण सांगायला तिला एका वाक्याचं काम होतं. तिनं थोरलीकडे बघितलं आणि ते वाक्य गिळलं.

"दादा," ती म्हणाली, "आधी गाईचं बघा. कुंपण कुठे पळून जात नाही."

"गाय गेली तर हे मुळासकट उपटणार. एक काडी ठेवणार नाही."

"गेली तर मीच खणून देईन. तुम्हाला हात लावावा लागणार नाही. तोवर कुदळ आत ठेवा."

असा सौदा झाला. तिची सगळी मिळकत ठिपकीच्या पोटाला बांधली गेली.

आता अंधार आणायचा कुठून? थोरल्याचा गोठा पत्र्याचा, सगळीकडून फटी, दुपारी आत उन्हाच्या सळ्या उभ्या राहतात. घराला खिडक्याच खिडक्या. अंधारी खोली एकच, धाकटीची फोकांची. धाकटीच म्हणाली, "माझ्या खोलीत आणा." मग प्रश्न आला आणायची कशी. रस्त्यानं वळसा म्हणजे सगळा उन्हातून, आणि ठिपकीचे पाय लटपटत होते. कुंपणाचं भोक माझ्या मापाचं.

धाकटीनं कोयता आणला. ज्या बुंध्यांचे फोक ती सगळ्यात जपायची, ते भोकाच्या दोन्ही बाजूंचे. तिनं ते कापले. कापताना थांबली नाही, पण एकेक बुंधा हातात धरून बाजूला ठेवत होती, फेकत नव्हती. घाणेरीचा वास असा सुटला की डोळे चुरचुरले. गाय जाईल एवढी वाट झाली. आम्ही ठिपकीच्या डोक्यावर पोतं टाकलं, थोरल्यानं पुढून दावं धरलं, थोरलीनं मागून ढकललं, आणि गाय माझ्या भोकातून पलीकडे गेली.

खोलीतले ओले फोक सगळे बाहेर काढावे लागले. छपराखाली ठेवले, वर ओली पोती टाकली. धाकटीला ठाऊक होतं ते किती टिकणार. मलाही ठाऊक होतं.

पहिल्यांदा कोळसा पाजताना धाकटीनं ठिपकीचा जबडा उघडला आणि गालात बोटं घातली. मी कंदील धरला होता. तिच्या बोटांत चघळलेला बोळा आला: काळी पडलेली पानं आणि त्यांत कोंब आलेल्या बटाट्याची फोड. तिनं ती बघितली. थोरली पाठमोरी होती, बाटलीत कोळशाचं पाणी ओतत होती. धाकटीनं मूठ मिटली. मग माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको अशी. ती फोड कुठे गेली मला माहीत नाही. मी पुन्हा बघितलं तेव्हा हात रिकामा होता.

म्हणजे झालं असं होतं. कोंब आलेले बटाटे निवडताना वरची जुनी पानं टोपलीत आली आणि थोरलीनं संधिप्रकाशात ती तशीच गव्हाणीत ओतली. तिच्याच हातानं, आणि गाईची दया येऊन.

मग ते अंधारातले दिवस सुरू झाले. दाराच्या फटीला पोतं लावलेलं. आत ठिपकीचा श्वास आणि सालींचा वास. थोरली सकाळी उजाडताच त्या वाटेनं यायची आणि अंधार पडल्यावर जायची. कोळसा कुटायचा, गाळायचा, पाजायचा. डोळे ओल्या फडक्यानं पुसायचे. भाजलेल्या कातडीला तेल लावायचं, तेही बोटाच्या टोकानं, कारण ठिपकी नुसत्या वाऱ्यानंही थरथरायची. धाकटी भिंतीला टेकून टोपल्यांची बुडं विणत बसायची. तिला उजेड लागत नाही, तिच्या बोटांना वाट पाठ आहे. मी मधे बसायचे, दोघींच्या तीन वर्षांच्या मधे.

पहिल्या दिवशी थोरली म्हणाली, "ठिपके, विचार कुणाला तरी, बादली कुठे ठेवलीय."

भिंतीकडून उत्तर आलं, "ठिपके, सांग तुझ्या मालकिणीला, तिच्याच पायाशी आहे."

"गाय आजारी आहे," मी म्हटलं. "तिच्या मागे आणखी निरोप्याचं काम लावू नका. ते मी इतकी वर्षं करतेय, मला सवय आहे."

कुणी हसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी थोरली सरळ म्हणाली, "बादली दे." एवढंच. आणि धाकटीनं दिली.

थोरलीला रिकामं बसता येत नाही, जन्मात आलं नाही. दोन पाजण्यांच्या मधे तिचे हात चुळबुळ करायचे. एकदा छपराखालून आणलेला फोक तिच्या हाताला लागला, अर्धवट सोललेला. तिनं साल ओढली. तुटली. पुन्हा ओढली, पुन्हा तुटली.

"बुडाकडून," धाकटी म्हणाली. "शेंड्याकडून नाही. आणि ओढू नका, अंगठा सरकवा."

थोरलीनं अंगठा सरकवला. साल एका दमात निघून आली. तिनं दुसरा फोक घेतला. त्या दुपारी दोघींनी मिळून इतके फोक सोलले की सालींचा ढीग माझ्या गुडघ्याला टेकला. बाहेरचे वाळत चालले होते, त्यातले जेवढे वाचतील तेवढे वाचवायचे होते. थोरलीला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण छपराखालच्या काड्या तडकल्याचे आवाज आत ऐकू यायचे. प्रत्येक आवाजाला तिचा हात थांबायचा.

संध्याकाळी निघताना तिनं आपले हात नाकाशी नेले.

"वास जात नाही गं," ती म्हणाली.

"नाही जात," धाकटी म्हणाली. "थोड्या दिवसांनी आपल्याला यायचा बंद होतो. दुसऱ्यांना येतो."

थोरली दारातच उभी राहिली. पोतं अर्धं बाजूला होतं, बाहेर मावळतीचा उजेड होता, तिचा चेहरा मला दिसला. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली आणि गेली. मला वाटतं माफी मागितली, पण ती दारामागच्या कोयत्याला ऐकू गेली असेल, आम्हाला नाही.

ठिपकी मात्र सुधारेना. कोळसा आत जात होता आणि बाहेर काही येत नव्हतं. रवंथ नाही. कपाळाची कातडी कडक होऊन कडेनं सुटायला लागली. थोरला रोज दारापर्यंत यायचा, आत यायचा नाही. "शेण?" एवढंच विचारायचा. मी नाही म्हणायचे. मग त्याची पावलं कुंपणापाशी जाऊन थांबायची.

एका दुपारी थोरली गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, "मला एक बोलायचंय. त्या दिवशी मी..."

"ताई," धाकटी म्हणाली, "तिचं डोकं जरा वर धरा. पाणी सांडतंय."

पाणी सांडत नव्हतं. बाटली धाकटीच्या हातात होती आणि ती उभी धरलेली होती. थोरलीनं डोकं वर धरलं. तिचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. तीन वर्षांनी ताई ऐकलं होतं, आणि ऐकलं ते कशासाठी, तर तिला आपला गुन्हा बोलावा लागू नये म्हणून. तिला कळलं की हिला कळलंय. पहिल्या दिवसापासून. मीही डोळे पुसले. त्या अंधारात रडायची एक सोय होती.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर आला, पोटाला बराच वेळ कान लावून बसला. "मी खोटी आशा देणार नाही," तो थोरल्याला म्हणाला. "आज काही झालं तर झालं."

तो गेला. मी खोलीत परत आले, आणि थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला. कुदळीचा. एक घाव, मग दुसरा. धाकटीचे हात विणता विणता थांबले. ती उठली नाही. म्हणाली, "त्यांना सांगा, मी खणून देईन म्हटलं होतं. गाय अजून आहे." आवाज शांत होता, पण हातातली काडी मोडली होती.

मी उठायच्या आत थोरली उठली. ठिपकीचं डोकं तिनं धाकटीच्या मांडीवर ठेवलं आणि गेली. मी तिच्या मागे, गुडघ्यांना न विचारता.

थोरल्यानं वाटेच्या कडेचा एक बुंधा उकरून आडवा केला होता. मुळं वर आली होती, लाल मातीसकट. तो घामानं निथळत होता आणि रडत होता, दोन्ही एकदम. थोरली कुंपणातून गेली आणि कुदळीपुढे उभी राहिली.

"ती पानं मी घातली," ती म्हणाली.

"बाजूला हो."

"बटाट्यांवरची. मी मागवते दर वर्षी, आई आणतात. ती तिथे दगड ठेवते, माझ्यासाठी. कोंब आलेले बटाटे निवडले त्यात आली, मी बघितलं नाही, तशीच गव्हाणीत ओतली." ती थांबली. "तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बोलली नाही. स्वतःचं कुंपण घालवायला निघाली होती, पण बोलली नाही. आता खणायचं तर मला खण."

थोरला तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता काय होणार. त्यानं कुदळ वर धरली होती ती हळूहळू खाली आली. त्यानं दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि हातांवर कपाळ टेकलं.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू ऐकणारा आहेस का?" हे मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. पण निघालं ते बरं झालं, कारण त्यानं मान हलवली. नाही, अशी.

मग माझ्या थोरल्यानं, ज्यानं जन्मात कुणाची माफी मागितली नाही, तो आडवा बुंधा उचलला, खड्ड्यात उभा केला, पायानं माती दाबली. धाकटी खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "लागेल का परत?"

"घाणेरी आहे," ती म्हणाली. "मर म्हटलं तरी मरत नाही. पाणी घाला थोडं."

तो पाणी आणायला वळला, आणि आतून आवाज आला.

सभ्य माणसांसमोर सांगण्यासारखा आवाज नव्हता. लांबलचक, ओला, आणि मग फरशीवर थप. धाकटी आत धावली, आम्ही सगळे मागे. अंधारात काही दिसेना, पण दिसायची गरज नव्हती. काळं, कोळशासारखं, वासानं नाक फाटावं असं. थोरली त्या शेणात गुडघे टेकून बसली आणि ठिपकीच्या गळ्यात पडली. धाकटी हसत होती की रडत होती मला सांगता येणार नाही. थोरला इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत आत आला. आल्या आल्या म्हणाला, "शेण?"

"हो रे बाबा," मी म्हटलं. "पोटभर बघ."

संध्याकाळपर्यंत ठिपकीनं रवंथ सुरू केला. कपाळावरची कातडी पुढे सगळी सोलून निघाली आणि खालून नवी आली, गुलाबी. तिथे केस कमी आहेत अजून. उन्हाळा सरेपर्यंत ती धाकटीच्याच खोलीत राहिली, आणि छपराखालचे निम्मे फोक तडकून सरपणात गेले. थोरली रोज सकाळी येऊन उरलेले सोलायची. या वर्षी बटाटे भरायला प्लास्टिकचे क्रेट आणायचे नाहीत, असं तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, मला काय सांगतेस, ती समोर बसलीय. मग तिनं तिला सांगितलं. टोपली कितीची, यावरून दोघी थोड्या भांडल्यासुद्धा. मला फार बरं वाटलं.

आता कुंपणाचं सांगते. मला वाटलं होतं वाट बुजणार. घाणेरी अशी जागा मोकळी सोडत नाही, आणि पाऊस पडून गेल्यावर कापल्या बुंध्यांतून वीतभर कोंब आले, दोन्हीकडून वाटेवर वाकलेले. मी मनाशी म्हटलं, पुन्हा माझ्या मापाचं भोक होईल, पुन्हा वाकायचं. पण कोंब वाढलेच नाहीत. मी सकाळी जाते तेव्हा धाकटीच्या बाजूचे कापलेले असतात, कोयत्याचा तिरपा स्वच्छ घाव. आणि थोरलीच्या बाजूचे खुडलेले असतात, हातानं, वेडेवाकडे, साल लोंबत असलेले. दोघींपैकी कुणीही मला किंवा एकमेकींना हे सांगितलेलं नाही. थोरल्यानं लावलेला बुंधा मात्र कुणी छाटत नाही. तो फुललाय.

मी आता त्या वाटेनं ताठ चालत जाते. कमरेची जुनी सवय म्हणून पहिले काही दिवस वाकायचे. मग एकदा थोरली हात घासत पलीकडून येत होती, हाताला तोच वास, मला म्हणाली, "आई, वाकता कशाला, वर काही नाहीये." खरंच काही नव्हतं. ते भोक आता माझं राहिलेलं नाही.